शब्दांची जकात

गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांत पसरलेला जो मुलूख आज नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या नावांनी ओळखला जातो, त्या मुलखातील विद्यार्थ्याला विद्येच्या वरच्या दालनात शिरण्यापूर्वी घरच्या बोलीखेरीज दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दांचा साठा पदरी बांधावा लागावा, ही गोष्ट आजकालची नव्हे. लातूरच्या शिकवणीवर्गांच्या वस्तीत भाड्याच्या खोल्यांतून राहणारी, पहाटेपासून इंग्रजी संज्ञांच्या याद्या घोकणारी मुले पाहून पुष्कळांना हा स्पर्धेच्या युगाचा नवा उपद्रव वाटतो. परंतु या प्रदेशाचा शैक्षणिक इतिहास थोडा मागे जाऊन चाळला म्हणजे ध्यानात येते की, प्रवेशाच्या नाक्यावर शब्दांची जकात येथे पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात आली आहे, आणि ती कोणत्या नाण्यात भरावयाची हे मात्र प्रत्येक राजवटीने आपापल्या सोयीने ठरविले आहे. १७२४ पासून १९४८ पर्यंत आसफजाही, म्हणजे हैदराबादच्या निजामांच्या, अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्याच्या वाट्याला हे नाणेपालट जितक्या वेळा आले, तितके ते पुण्यामुंबईकडील विद्यार्थ्याच्या वाट्याला आले नाही, आणि म्हणूनच या प्रश्नाचा विचार नांदेड-लातुराच्या अंगाने करणे मला अगत्याचे वाटते.

शब्दसंग्रह वाढविण्याच्या दोन जुन्या पद्धती या भागात शेजारी शेजारी नांदत होत्या. पाठशाळेतील बटू अमरकोश मुखोद्गत करी. मक्तबात जाणारा मुलगा अमीर खुस्रोच्या नावावर चालत आलेली ‘खालिक बारी’ पाठ करी. पहिला ग्रंथ संस्कृत पर्यायशब्दांचा, दुसरा अरबी-फारसी शब्दांना हिंदवी शब्दांची जोड लावून देणारा. पण दोन्ही छंदोबद्ध, आणि दोन्हींच्या मुळाशी मुलाच्या स्मरणशक्तीची एकच ओळख. अमरकोशाच्या रचनेकडे आजच्या याद्या करणाऱ्यांनी अवश्य पाहावे असे मला वाटते. तीन कांडांच्या त्या ग्रंथात शब्द वर्णानुक्रमाने लावलेले नाहीत. स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, पुरवर्ग, वनौषधिवर्ग अशा वर्गांत ते आपापल्या भाऊबंदांसह बसविलेले आहेत, त्यामुळे नगराचा शब्द शिकणारा मुलगा त्याच बैठकीत वेस, रस्ता, बाजारपेठ आणि वाडा यांचेही शब्द शिकत असे. शिवाय कोश पाठ झाला की शिक्षण संपले असे कोणी मानीत नसे. कोशानंतर काव्य वाचावयाचे आणि काव्यात तो शब्द भेटला म्हणजे त्याची खरी ओळख पटावयाची, हा क्रम ठरलेला होता. ‘खालिक बारी’नंतर सादीच्या ‘गुलिस्तान’कडे जाणाऱ्या मक्तबातल्या मुलाचाही प्रवास याच वाटेचा.

राज्यकारभाराची भाषा प्रारंभी फारसी होती. तहसील, अव्वल तालुकदारी, मुन्सफाची कचेरी, जिकडे जावे तिकडे अर्जापासून फैसल्यापर्यंतचा सारा व्यवहार त्या भाषेतून चाले. आणि कुलकर्ण्याच्या घरी मोडीत दफ्तर लिहिणाऱ्या मुलाला पेशकार किंवा सरिश्तेदार व्हावयाचे असेल तर त्याने फारसीचा अभ्यास करावा, हे गृहीतच धरलेले असे. १८८० नंतरच्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली. रयतेच्या दृष्टीने हा पालट फारसा मोठा नव्हता, कारण कचेरीतली निम्मी अधिक शब्दसंपत्ती तीच राहिली. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने त्याचे दूरगामी परिणाम झाले, आणि त्या परिणामांचे मूर्त रूप म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ.

या विद्यापीठाचा वृत्तांत जरा विस्ताराने सांगितला पाहिजे. कारण एका भारतीय भाषेतून सर्व शास्त्रांचे उच्च शिक्षण देण्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्या देशात त्यापूर्वी झाला नव्हता, आणि मराठवाड्याच्या सुखदुःखाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. विद्यापीठाची स्थापना १९१८ सालची, पण त्याच्या एक वर्ष आधी, १९१७ मध्येच, ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतराचे खाते उघडण्यात आले होते आणि मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा व्यासंगी पुरुष त्याच्या प्रमुखपदी नेमण्यात आला होता. आधी पुस्तके, मग वर्ग, हा विवेक त्या योजनेत होता. निरनिराळ्या शास्त्रांच्या परिभाषेसाठी समित्या बसत. भाषेचे जाणकार आणि विषयाचे जाणकार एकत्र बसून एकेका संज्ञेचा काथ्याकूट करीत. आणि परिभाषा कोणत्या तत्त्वांवर घडवावी याची मीमांसा करणारा वहीदुद्दीन सलीम यांचा स्वतंत्र ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्धही झाला. वनस्पतिशास्त्राला नबातियात, प्राणिशास्त्राला हैवानियात, पदार्थविज्ञानाला तबीयात, अर्थशास्त्राला मआशियात, त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया, अशी एक संपूर्ण शब्दसृष्टी निर्माण झाली, शेकडो ग्रंथ भाषांतरित झाले, आणि वैद्यकासारखा विषयदेखील उर्दूतून शिकविला जाऊ लागला. राजसत्तेने मनावर घेतले तर देशी भाषेला शास्त्राची भाषा करणे शक्य आहे, याचा हा पुरावा होता, आणि तो देणाऱ्यांच्या परिश्रमांविषयी आदर बाळगल्यावाचून राहवत नाही.

पण ही भाषा कोणाची? त्या वेळच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू बोलणारे सर्वांत अधिक, मराठी बोलणारे सुमारे चौथाई, त्यानंतर कानडी बोलणारे, आणि उर्दू ही घरची भाषा असलेले लोक दर दहांत एखादा. नांदेडच्या होळी भागात किंवा लातूरच्या गंजात वाढलेल्या मराठी मुलाला प्राथमिक वर्गांत स्वभाषेची सोबत काही काळ मिळे. पण माध्यमिक शाळेची पायरी चढताच इतिहास हा ‘तारीख’ होई, भूगोल हा ‘जुग्राफिया’ होई, आणि बीजगणित ‘जब्र ओ मुकाबला’च्या रूपाने त्याच्यासमोर उभे राही. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारपेठ होती आणि उस्मानाबाद जिल्हा गुलबर्गा सुभ्यात; नांदेड औरंगाबाद सुभ्यात; पण सुभा कोणताही असला तरी वरच्या परीक्षेचा मार्ग उर्दूच्याच नाक्यावरून जात होता. गणितात हुशार असलेला मुलगा उदाहरणाचे वाक्यच न कळल्यामुळे मागे पडावा, हा अन्याय त्या काळात किती घरांनी मुकाट्याने सोसला असेल! दारुल तर्जुम्याने शब्द घडविण्याचा सर्व खर्च सरकारी तिजोरीतून केला, आणि ते शब्द अंगी मुरविण्याचा सर्व खर्च मराठी, तेलुगू व कानडी मुलांच्या माथी टाकला.

या स्थितीला प्रतिकार झाला नाही असे नाही. खाजगी शाळा आणि सभा यांवर निर्बंध घालणाऱ्या त्या राजवटीत १९२१ साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली, पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक झाले, आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी वाहिली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून स्वामीजींचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांच्या कार्याचा आरंभ फळ्यापुढे झाला होता, ही गोष्ट शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याने विसरता कामा नये. आपल्या भाषेतले वाचन हे परक्या भाषेच्या अध्ययनाला मारक नसून उपकारक आहे, ही श्रद्धा त्या शाळांच्या पाठीशी होती.

तीच गोष्ट एका थोर व्यक्तीच्या चरित्रावरून अधिक स्पष्ट होते. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० साली निलंग्याचा, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यातला. घरची भाषा कन्नड आणि मराठी यांच्या सीमेवरची, शाळा-महाविद्यालयाची भाषा उर्दू, पुढे इंग्रजी, आणि नोकरी निजामाच्या मुलकी सेवेतली. या प्रत्येक नाक्यावर त्यांनी शब्दांची जकात भरली, पण ती भरून झाल्यावर ते शब्द त्यांनी फेकून दिले नाहीत. फारसी साधनांच्या आधारे मराठ्यांचा इतिहास त्यांनी उजळला, उर्दू काव्याचा परिचय मराठी वाचकांना करून दिला, आदिलाबादकडे असताना गोंडी आणि कोलामी शिकून त्या भाषांची व्याकरणे लिहिली, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर गॅझेटिअरचे संपादन केले. त्यांच्या बरोबरीने परीक्षा देणाऱ्या कितीतरी जणांनी तेच शब्द पाठ केले असतील. कवीच्या दिवाणात आणि बखरकाराच्या पानांत भेटल्यामुळे पगडींच्या ठिकाणी ते जिवंत राहिले. केवळ परीक्षेपुरते उचललेले शब्द निकालाच्या दिवशीच निरुपयोगी झाले असणार.

आणि एक दिवस असा उजाडला की ते शब्द सर्वांच्याच बाबतीत निरुपयोगी झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपुष्टात आली, आणि लौकरच उस्मानिया विद्यापीठानेही उर्दू माध्यम सोडून इंग्रजीचा स्वीकार केला. तीस वर्षे कष्टून उभारलेली परिभाषा ग्रंथालयाच्या कपाटांत जाऊन बसली. स्वातंत्र्याचा आनंद उत्कट होता आणि तो रास्तच होता. पण जी मुले त्या वर्षी नववी-दहावीत होती, त्यांच्या हालाविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही. मुसल्लस आणि जाविया शिकून तयार झालेल्या मुलाला आता ट्रँगल आणि अँगल शिकावयाचे होते, आणि दोन्ही वेळा त्याच्या आईच्या तोंडी त्रिकोणाला शब्द होता तो तिकोन हाच. १९५० साली स्वामीजींच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते याच संक्रमणाच्या ऐन मध्यावर. त्या महाविद्यालयाचे पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर हे या संक्रमणातूनच घडलेले. निजामी राजवटीत वाढल्यामुळे उर्दूशी त्यांचा परिचय होता, इंग्रजी ग्रंथांचा व्यासंग होता, आणि विचार मांडण्याचे साधन म्हणून त्यांनी निवडली ती मात्र निःसंकोच मराठी. महाविद्यालयात येण्यापूर्वी ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवीत. अवघड विषय सोप्या वाक्यांत आणण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध आहे, आणि त्या हातोटीत शाळेच्या वर्गाचा वाटा मोठा असला पाहिजे, असे त्यांचे लेखन वाचताना मला वारंवार वाटते.

निजामी दफ्तरातले शब्द मेले असे मानून आपण पंचाहत्तर वर्षे काढली. पण २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि जुने उर्दू व मोडी कागद वाचू शकणाऱ्या माणसांची एकाएकी निकड भासू लागली. जात-दाखल्याचा संबंध पुन्हा प्रवेशाशीच येतो. आजोबांनी जी लिपी आणि जी शब्दावली सोडून दिली, तिच्यावाचून नातवाचा दाखला अडावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

पुन्हा त्या संक्रमणाच्या काळाकडे वळू. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. आता राज्य मराठी, विधिमंडळ मराठी, आणि शब्दांची जकात स्वभाषेतच भरावयाची, अशी आशा वाटावी असा तो काळ होता. त्याच वर्षी जुलै महिन्यात भाषा संचालनालय स्थापन झाले आणि एकेका शास्त्राचा परिभाषाकोश सिद्ध करण्याचे काम सुरू झाले. १९६७ मध्ये बालभारती आली आणि मराठी पाठ्यपुस्तके वाड्या-तांड्यांपर्यंत पोचली. पेशी, केंद्रक, परासरण, प्रकाशसंश्लेषण, अपृष्ठवंशीय हे शब्द मुखेडच्या किंवा औशाच्या शाळेतील मुलामुलींच्या जिभेवर रुळले. हे काम लहान नव्हे. परंतु दारुल तर्जुम्याने जे केले होते त्याचा उत्तरार्ध येथे राहून गेला: शाळेत दहावीपर्यंत मराठी शास्त्र शिकवावयाचे आणि अकरावीच्या पहिल्या दिवशी ते सारे बाजूला सारून सेल, न्यूक्लिअस, ऑस्मोसिस, फोटोसिंथेसिस यांपासून पुन्हा आरंभ करावयाचा, ही व्यवस्था महाराष्ट्राने निमूटपणे चालू ठेवली. निजामाजवळ संकल्प होता आणि भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. आपल्याजवळ प्रजेची भाषा होती आणि संकल्प अकरावीच्या दारात संपला. हे विधान कठोर वाटेल, पण विचारान्ती मी ते करीत आहे.

याच दरीवर पूल बांधण्याचा उद्योग लातुरात झाला. १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय तेथे निघाले. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि पुढील काही वर्षांत बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे अशी झळकू लागली की ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द वृत्तपत्रांतून रूढ झाला. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे हे या पर्वातील अग्रणी. ते इंग्रजी साहित्याचे अध्यापक होते, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला, आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू तेच झाले. नेमाने घेतलेल्या चाचण्या, सोडविलेल्या प्रश्नसंचांची तपासणी, चुकलेल्या प्रश्नांचा पुन्हा सराव आणि शिक्षकांची वर्गाबाहेरही उपस्थिती, एवढीच त्या पॅटर्नची सामग्री. पण ज्या विद्यार्थ्याच्या घरात इंग्रजीचा एकही शब्द बोलला जात नव्हता, त्याच्यापुढे परक्या संज्ञा इतक्या वेळा आणल्या जात की त्या शेवटी त्याच्या होत. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांनी वावर गहाण ठेवून मुलांना लातुरास पाठविले, ते या आवृत्तीच्या सामर्थ्यावर विश्वास ठेवून. पाठांतराला नावे ठेवणाऱ्यांनी आधी या कुटुंबांची परिस्थिती पाहावी. मात्र पॅटर्नचा प्रसार होता होता प्रश्नसंच राहिले आणि वाचन गळाले, हीही वस्तुस्थिती आहे. अमरकोश राहिला आणि त्यानंतरचे काव्य गेले.

त्याचा प्रत्यय ‘नीट’ परीक्षेत येतो. ही परीक्षा २०१३ मध्ये प्रथम झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१६ मध्ये ती पुन्हा लागू झाली, आणि पुढे वैद्यकीय प्रवेशाचे तेच एक द्वार उरले. तीत उताऱ्यावरचे प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जात नाहीत, परंतु विधान आणि कारण यांची जोडी, ‘पुढीलपैकी कोणते अयोग्य’ अशी उलट्या बाजूने केलेली पृच्छा, दोन उपवाक्यांच्या मध्ये दडविलेली अट, हे सारे वाचनाचेच प्रश्न होत. ‘एक्सेप्ट’ हा एक शब्द नजरेतून निसटला म्हणजे चार गुण जातात आणि चुकीच्या उत्तराचा एक वर कापला जातो. लातूरमधील ‘रिपीटर’ तुकड्यांत वर्षानुवर्षे शिकविणारे शिक्षक सांगतात की, संज्ञा ठाऊक नसल्यामुळे जितके प्रश्न चुकतात, त्याहून वाक्य घाईने वाचल्यामुळे अधिक चुकतात. आणि मला त्यांचे हे निदान पटते. २०१७ पासून नीट दहा भाषांत घेतली जाऊ लागली, त्यांत मराठी होती. २०१८ पासून उर्दूही आली, आणि नांदेडच्या उर्दू शाळांतील मुलांना एका परीने आजोबांच्या काळचे माध्यम परत मिळाले. पण परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत असे स्पष्ट लिहिलेले असते की, भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठच अंतिम मानला जाईल. ज्या मुलाने मराठी प्रश्नपत्रिका निवडली, त्याने ती निवडली याचाच अर्थ इंग्रजी पाठावर त्याची मदार नाही. तरीही वादाचा निवाडा त्याच पाठावरून व्हावयाचा. मग अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकलेला मराठी विद्यार्थी इंग्रजी प्रश्नपत्रिकाच पसंत करतो, यात आश्चर्य कसले?

शब्दसंग्रह आणि आकलन यांची शुद्ध कसोटी पाहावयाची असेल तर ती नीटहून कितीतरी धाकट्या परीक्षेत सापडते. १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती येथे पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ती झाली, त्यांत लातूरचे आणि नांदेड जिल्ह्यातील शंकरनगरचे विद्यालयही आले. पाचवीतील मुले सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा देतात. दोन तास, ऐंशी प्रश्न, आणि त्यांतील वीस प्रश्न भाषेचे: चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, अधूनमधून एखाद्या शब्दाचा समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द. एका विद्यालयात जागा फार तर ऐंशी, आणि त्यांपैकी किमान तीन-चतुर्थांश ग्रामीण मुलांसाठी. परीक्षा मराठीतून देता येते, म्हणजे येथे तरी नाणे घरचे आहे असे वाटावे.

पण घर कोणाचे, हा प्रश्न येथेही सुटत नाही. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथे गोंड आणि कोलाम वस्त्या आहेत, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घराघरांत तेलुगूचा वावर आहे. उदगीर आणि निलंगा यांच्या सीमेवर कानडी आहे. या मुलांना पुस्तकी मराठीतला उतारा वाचताना जी ठेच लागते, ती त्यांच्या आजोबांना उर्दूच्या उताऱ्यात लागलेल्या ठेचेहून फार निराळी नाही. मराठी घरातल्या मुलालाही ‘वावर’ ठाऊक असते आणि ‘कृषिक्षेत्र’ ठाऊक नसते. ‘लेकरू’ ठाऊक असते आणि ‘अपत्य’ ठाऊक नसते. दुसरी-तिसरीपासून गोष्टींची पुस्तके हाती पडलेल्या मुलाला असा शब्द संदर्भावरून उमगतो. पाचवीत जाऊन समानार्थी शब्दांची वही पाठ करणाऱ्याला तो वहीबाहेर ओळखू येत नाही.

म्हणून नांदेड-लातुरातल्या जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांत शिक्षकांनी कपाटातली पुस्तके बाहेर काढून दोरीवर टांगली आणि मुलांना ती घरी नेऊ दिली, त्या शाळांचे काम मला शिकवणीवर्गांच्या मोठ्या फलकांहून महत्त्वाचे वाटते. किनवटच्या मुलासाठी गोंडी आणि मराठी यांची सांगड घालणारी छोटी पुस्तके हवीत, आणि त्या वाटेवरचा एक दगड पगडींनी केव्हाच रचून ठेवला आहे. अकरावीत जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मराठी आणि इंग्रजी संज्ञा अमरकोशाच्या धर्तीवर वर्गवार लावून देणारे, आणि प्रत्येक वर्गाच्या शेवटी त्या संज्ञा वापरलेला दोन पानांचा वाचनीय मजकूर देणारे पुस्तक हवे. भाषा संचालनालयाचे कोश तयार आहेत, लातुरात अनुभवी शिक्षक आहेत, नांदेडला विद्यापीठ आहे; दहावीचा निकाल आणि अकरावीचे वर्ग यांच्यामध्ये दर वर्षी काही आठवडे मोकळे जातात, आणि ते पुस्तक वाचावयास तेवढे आठवडे पुरेसे आहेत.